गावातल्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट: एका वॉर्डापासून सुरुवात कशी करायची

नगरपरिषदेच्या किंवा नगरपंचायतीच्या छोट्या गावात घरोघरचा ओला कचरा गोळा करून खत करायचं म्हटलं की सगळे आधी खड्ड्यांवर येतात, किती खड्डे, कुठलं कल्चर (कचरा लवकर कुजवणारे जिवाणू), मशीन घ्यायचं का वगैरे. माझं मत उलटं आहे. ओला कचरा नीट वेगळा आला तर खत व्हायला फार अक्कल लागत नाही, ते होतंच. खरं काम आहे घंटागाडी दारात थांबते त्या अर्ध्या मिनिटात. बाईने दोन बादल्या वेगळ्या आणल्या आणि गाडीवाल्याने त्या एकाच डब्यात उलट्या केल्या की संपलं, उद्यापासून ती बाई एकच बादली आणणार आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. म्हणून खाली गाडीबद्दल जास्त लिहिलंय आणि खड्ड्याबद्दल जेवढं लागतं तेवढंच.

पहिली गोष्ट, अख्खं गाव घेऊ नका. एक वॉर्ड घ्या, २५०-३०० घरांचा, आणि शक्यतो जिथला नगरसेवक किंवा नगरसेविका तुमचा फोन उचलते असा. सगळ्यात शिकलेल्या लोकांचा वॉर्ड घ्यायचा मोह होतो, पण तिथेच सगळ्यात जास्त वाद घालणारे भेटतात. मिक्स वस्ती बरी, थोड्या चाळी, थोडे बंगले, एखादी अपार्टमेंट.

मग वजन करा. हे कोणी करत नाही आणि नंतर खड्डे पुरत नाहीत म्हणून बोंब मारतात. भंगारवाल्याकडून काटा आणा आणि आठवडाभर त्या वॉर्डातली गाडी रोज एका जागी रिकामी करून ओला, सुका, बाकीचा असं वेगळं करून मोजा. आठवडाभर यासाठी की बाजाराच्या दिवशी आणि रविवारी आकडा वेगळा येतो (रविवारी मटण-मच्छी, सांगायला नको). अंदाज हवा असेल तर लहान गावांत माणशी दिवसाला २०० ते ३०० ग्रॅम कचरा धरतात आणि त्यातला निम्मा किंवा थोडा जास्त ओला असतो. म्हणजे ३०० घरं, घरटी चार माणसं धरली तर साधारण ३०० किलो कचरा आणि त्यातला दीडशे किलो ओला. हा दीडशेचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता नगरपरिषद. कचरा वेगळा करणं २०१६ च्या घनकचरा नियमांपासून बंधनकारकच आहे, त्या नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे भाग होते, त्यामुळे तुम्ही काही नवीन मागत नाही आहात, हे मुख्याधिकाऱ्यांशी बोलताना डोक्यात असू द्या. अर्ज द्या, पोच घ्या, सोबत ते वजनाचे आकडे जोडा. आकडे असलेला अर्ज आणि 'गाव स्वच्छ व्हावे ही विनंती' वाला अर्ज यात फार फरक पडतो. पण साहेबांइतकाच महत्त्वाचा माणूस म्हणजे स्वच्छता निरीक्षक आणि त्याच्या खालचा मुकादम. गाडी कुठल्या गल्लीत किती वाजता जाणार हे तोच ठरवतो, त्याला न विचारता वरून ऑर्डर आणली तर तुमचा वॉर्ड रोज सगळ्यात शेवटी.

आणि ठेका कसा आहे ते बघा, हे खरंच बघा. कचरा उचलायचा ठेका दिलेला असेल आणि ठेकेदाराला टनावर पैसे मिळत असतील तर त्याला कचरा वेगळा करण्यात काहीही फायदा नाही. पावसात भिजलेला मिक्स कचरा जड भरतो, तो त्याला परवडतो. अशा वेळी कितीही जनजागृती करा, रॅली काढा, शाळेच्या पोरांना घोषणा द्यायला लावा, गाडीत सगळं एकत्रच पडणार. त्यामुळे पुढचं टेंडर निघताना ओला-सुका वेगळा आणला तरच पूर्ण बिल, अशी अट घालायला लावा. चालू ठेका असेल तर तुमच्या वॉर्डापुरती एक गाडी आणि दोन माणसं नगरपरिषदेची स्वतःची मागा, तेवढं बहुतेक मिळतं.

कोणाला पटतच नसेल तर वेंगुर्ल्याला घेऊन जा. सिंधुदुर्गातलं छोटंसं गाव, बारा-तेरा हजार वस्ती, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथल्या जुन्या डम्पिंग ग्राउंडचं रूप पालटलं, लोक आता ती जागा बघायला जातात. तिथे घरापासूनच कचरा वेगळा येतो, म्हणूनच पुढचं सगळं शक्य झालं. कराड, सासवड, लोणावळा ही नावंही स्वच्छ सर्वेक्षणात २०२० ला एक लाखाच्या आतल्या गावांत पहिल्या तीनमध्ये होती. नगरसेवकांना पीपीटी दाखवण्यापेक्षा जीपमध्ये घालून दाखवून आणलं की जास्त उपयोग होतो, परत येताना तेच हिशोब मांडायला लागतात.

घरांचं काय सांगायचं

एकदम थोडं सांगा. दोन बादल्या, हिरवी ओल्याला, निळी सुक्याला, आणि पॅड-डायपर कागदात गुंडाळून लाल खूण करून वेगळं द्यायचं. नवीन बादल्या वाटायला पैसे नसतील तर जुनी रंगाची बादली चालते, हिरवा पट्टा मारा झालं. ओल्याच्या बादलीत प्लॅस्टिकची पिशवी घालायची नाही, खाली वर्तमानपत्र टाकायचं. हा एक मुद्दा दहा वेळा सांगावा लागतो कारण सगळ्यांना पिशवीची गाठ मारून टाकायची सवय असते आणि ती पिशवी खड्ड्यावर कोणीतरी हाताने फोडत बसतं.

ओल्यात काय काय ते सगळ्यांना साधारण कळतं, भाजीची देठं, सालं, उरलेलं अन्न, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, देवाची फुलं. घोळ होतो तो बारीक गोष्टींत. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा! तो एवढासा तुकडा भाजीच्या सालांबरोबर ओल्यात जातो आणि शेवटी खतात पांढरा-निळा चमकत राहतो, चाळणीतूनही निसटतो. पिशवीला चीर द्या, कोपरा पूर्ण तोडू नका, एवढं जरी वॉर्डातल्या बायकांना पटलं तरी निम्मं खत वाचलं. दुसरं म्हणजे हाराचा दोरा, गजऱ्याचा दोरा, कोथिंबिरीच्या जुडीचं रबर, सफरचंदावरचे स्टिकर, चहाच्या टी-बॅग. करवंट्या, शहाळी, आंब्याच्या कोयी, मोठी हाडं ही ओल्यात आली तरी बिघडत नाही पण ती दोन महिन्यांत कुजत नाहीत, वेगळी ढीग मारून ठेवावी लागतात. शहाळी तर फोडल्याशिवाय टाकूच नका, आत पाणी साचतं आणि डास होतात.

मासे-मटणाबद्दल लोक फार विचारतात. घरातले काटे-कुटे, उष्टं, थोडंफार चालतं, ढिगाच्या मध्ये गाडायचं. पण चिकन सेंटरचा कचरा सुरुवातीला अजिबात घेऊ नका, पिसं आणि आतडी एकदा आली की वास, कुत्री, घारी आणि दोन दिवसांत शेजारच्यांचा मोर्चा. तो वेगळा विषय आहे, त्याची वेगळी सोय नगरपरिषदेने करायची.

सांगायला कोण जाणार हेही ठरवा. बचत गटाच्या बायका गेल्या तर दार उघडतं आणि स्वयंपाकघरापर्यंत बोलणं होतं. पत्रकं वाटू नका, पत्रकाचाच कचरा होतो. त्यांना मानधन द्या, फुकट समाजसेवा तीन आठवडे टिकते.

गाडी

गाडीत पार्टिशन हवं, आणि ते खालपर्यंत हवं, नुसता मध्ये पत्रा उभा केलेला नको. ओल्याच्या बाजूला खाली गळती अडवणारा ट्रे. वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या, नवीन गाडी घ्यायची गरज नाही. नाहीतर सरळ वार लावून घ्या, ओला रोज आणि सुका आठवड्यातून दोनदा, मला हे जास्त आवडतं कारण त्या फेरीला गाडीत दुसरं काही पडूच शकत नाही आणि लोकांना पण वार पाठ होतात. सुका कचरा तीन-चार दिवस घरात ठेवायला काही होत नाही, धुतलेला असेल तर.

वेळ एकच ठेवा. आज सात, उद्या साडेनऊ असं झालं की लोक बादली दाराबाहेर ठेवून जातात, कुत्रं सांडतं, मग कोपऱ्यावर टाकायला सुरुवात. वेळ ठरवताना तुमच्याकडे नळाला पाणी कधी येतं ते बघा, पाणी आलेलं असताना गाणं वाजवत गाडी आली तर कोणी बाहेर येत नाही, सगळे भरण्यात असतात. पाणी गेल्यानंतरची वेळ उत्तम.

गाडीवर ड्रायव्हरशिवाय एक माणूस हवाच. त्याचं काम बादली उलटण्याआधी आत बघणं. पिशवी दिसली, प्लॅस्टिक दिसलं तर तिथेच सांगायचं, आवाज न चढवता, आणि बादली परत द्यायची. पहिला आठवडा नुसतं सांगा, दुसऱ्या आठवड्यात त्यांच्यासमोर वेचून दाखवा, तिसऱ्यापासून मिक्स कचरा घ्यायचाच नाही. दंडाची पावती शेवटी. दंड करायचा तर आधी एखाद्या वजनदार माणसाचा करा, गरिबाच्या दारात पावती फाडली आणि माजी नगराध्यक्षांची बादली तशीच घेतली तर गावात काय बोललं जाईल ते तुम्हीच बघा.

न घेतलेला कचरा दुसऱ्या दिवशी नाक्यावर, नाल्यात किंवा रिकाम्या प्लॉटवर सापडतो, हे होणारच, धरून चाला. त्या जागा रोज सकाळी गाडीच्या आधी साफ झाल्या पाहिजेत, कारण कचऱ्यावर कचरा पडतो, स्वच्छ जागेवर टाकायला माणूस थोडा बिचकतो. काही ठिकाणी रांगोळी काढतात, कुंड्या ठेवतात, चालतं. देवांचे फोटो लावायची आयडिया मात्र मला बिलकुल पटत नाही, उद्या तिथे कोणी थुंकलं तर कचऱ्याचं राहिलं बाजूला आणि भलतंच पेटायचं.

कामगारांना हातमोजे, बूट, आणि खड्ड्यावर हात-पाय धुवायला नळ आणि साबण. धनुर्वाताचं इंजेक्शन. हे बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहा, उरलं तर बघू असं नको.

खड्डे

सगळे खड्डे म्हणतात पण जमिनीत खणू नका, पहिल्याच पावसात विहीर होते. जमिनीवर जाळीदार वीटकामाचे हौद बांधा, म्हणजे विटांमध्ये फटी ठेवून, दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. खाली कोबा, कोब्याला एका बाजूला उतार, पाणी गटारीतून टाकीत. वर पत्र्याचं छप्पर. रुंदी एक मीटरपेक्षा जास्त करू नका, फावडं मधपर्यंत पोचत नाही.

दीडशे किलो ओला म्हणजे साधारण ०.३ घनमीटर, त्यात निम्मा पालापाचोळा मिसळला की रोजचं ०.४५ च्या आसपास. दोन घनमीटरचा हौद चार-साडेचार दिवसांत भरायला हवा, पण ढीग खाली बसत जातो म्हणून पाच-सहा दिवस जातात. खत व्हायला दोन महिने धरा. म्हणजे दहा हौद भरायला आणि एक-दोन रिकामे, पलटी मारायला. बारा बांधा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणत्याही मशीनच्या ब्रोशरमध्ये धड लिहिलेलं नसतं: पालापाचोळा आधी साठवा. ओल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र भरपूर, कार्बन कमी. नुसता ओला टाकलात तर चिखल होतो आणि वास सुटतो. झाडांची पानं गळतात फेब्रुवारी ते एप्रिल, तेव्हा रस्त्यावरचा पालापाचोळा जाळू देऊ नका, गोण्या भरून कोरड्या जागी ठेवा, तो पावसाळ्यात सोन्याच्या भावाने लागतो. शिवाय सॉ मिलचा भुसा (प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो), घाटावर उसाचं पाचट, कोकणात नारळाच्या सोडणांचा चुरा, भाताचं पिंजर. हे हाताशी नसेल तर सुरुवात चक्क पुढे ढकला.

भरायची पद्धत: तळाला वीतभर काड्या-काटक्या किंवा सोडणं, म्हणजे खालून हवा लागते. मग दोन घमेली ओला, एक घमेलं पालापाचोळा, मिसळून. मोठे तुकडे कोयत्याने बारीक करा, अख्खा कोबी किंवा अख्खं कलिंगड टाकलं तर महिन्याने तसंच सापडतं. वर शेणकाला शिंपडा, ताजं शेण पाण्यात कालवून, किंवा आधीचं तयार खत दोन-चार मुठी. बाटलीतली महागडी कल्चर विकायला लोक येतील, डेमो देतील. पहिल्या हौदाला घ्यायची तर घ्या, मला तरी शेणापेक्षा त्यात विशेष काही दिसलं नाही, आणि एक खत तयार झालं की पुढच्याचं विरजण घरचंच. रोजचं भरून झालं की वर पालापाचोळ्याचा थर, ओला कचरा उघडा दिसताच कामा नये, माश्यांचं निम्मं काम इथेच होतं.

दोन-तीन दिवसांत ढीग तापतो. लोखंडी सळई आत खुपसून पाच-दहा मिनिटांनी काढा, हातात धरवत नसेल तर बरोबर चाललंय. थर्मामीटर असेल तर ५५ ते ६५ अंश यायला हवेत, या उष्णतेत रोगजंतू आणि टोमॅटो-मिरचीचं बी मरतं, नाहीतर खत टाकलं तिथे टोमॅटोची रोपं उगवतात. आठवड्याने उकरून शेजारच्या हौदात पलटी करा, बाहेरचं आत, आतलं बाहेर. मुठीत दाबून बघा, बोटांतून पाणी टपकलं तर जास्त ओलं, पाला घाला. उघडल्यावर मूठ सुटी झाली तर कोरडं, पाणी शिंपडा. गोळा राहिला आणि हात नुसता ओलसर झाला की परफेक्ट.

वासावरून पण कळतं. मुतारीसारखा, डोळ्यांत झोंबणारा वास म्हणजे नत्र जास्त, पाला वाढवा. सडक्या अंड्यासारखा म्हणजे आत हवाच नाही, लगेच पलटी मारा. चांगल्या ढिगाला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. जाड, करड्या-तपकिरी अळ्या दिसल्या की कामगार घाबरतात आणि औषध मारायला जातात, मारू देऊ नका, त्या बहुतेक काळ्या सैनिक माशीच्या असतात, कचरा भराभर खातात आणि घरात येणारी माशी ती नव्हे. हौदातून गळणारं काळं पाणी गटारात सोडायचं नाही, कोरड्या पडलेल्या हौदावर परत शिंपडायचं.

श्रावण-भाद्रपदात निर्माल्य आणि केळीची पानं एकदम येतात. निर्माल्याला वेगळा हौद ठेवा, दोरे आधी काढून घ्या. ते खत लोक देवाच्या झाडांना मागून नेतात. मे महिन्यात कोयी आणि फणसाची सालं, फणस चिकट असतो, पाला दुप्पट लागतो. लग्नसराईत मंगल कार्यालयाचा कचरा तुमच्या हौदात ढकलायचा प्रयत्न होईल, नाही म्हणा. दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांनी ओल्याची सोय शक्यतो स्वतःच्या आवारात करायची हे २०१६ च्या नियमांतच होतं, आणि पत्रावळीबरोबर थर्माकोलच्या वाट्या, प्लॅस्टिकचे ग्लास, सगळंच येतं त्यात.

खत आणि पैसे

दीड-दोन महिन्यांनी ढीग थंड पडतो, काळा होतो, भाजी ओळखू येत नाही. आठ-दहा दिवस सावलीत पसरून ठेवा आणि चाळा. विकायचं असेल तर खत नियंत्रण आदेशातले निकष आहेत, ओलावा १५ ते २५ टक्के, सी-एन रेशो (कार्बन आणि नत्राचं प्रमाण) २० च्या आत, ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जायला हवा, शिवाय जड धातूंच्या मर्यादा. नमुना लॅबमध्ये पास झाला तर नगरपरिषदेला राज्य सरकारचा 'हरित महासिटी कंपोस्ट' ब्रँड मिळू शकतो. वजनाने ओल्याच्या साधारण पाचवा हिस्सा खत निघतं, म्हणजे आपल्या वॉर्डाचं महिन्याला आठ-नऊशे किलो.

यातून कामगारांचा पगार निघेल असं कोणाला सांगू नका, निघत नाही. बचत होते ती डिझेलची, कचरा डेपोवरच्या जेसीबीची आणि उन्हाळ्यात डेपो पेटल्यावर जो टँकरचा खर्च होतो त्याची. हे आकडे लेखापालाकडून काढून घ्या आणि सभेत ते मांडा, खतविक्रीचे नको. पगार मात्र नगरपरिषदेच्या बजेटमध्येच यायला हवा, वर्गणीवर हे चालत नाही.

पहिलं खत विकू नका. ज्यांनी नीट वेगळं करून दिलं त्या घरांना दोन-दोन किलो वाटा, त्याच घंटागाडीवरून. आपल्या सालांचं हे झालं हे दिसल्यावर शेजारीण आपोआप विचारते. शेतकऱ्यांकडे नंतर जा, ते आधी खत तळहातावर चोळून बघतात आणि एक काचेचा तुकडा सापडला तर तो माणूस परत येत नाही, बरोबरच आहे त्याचं.

रोज एक वही लिहा, मुकादमाच्या हाताने: किती किलो ओला आला, किती घरांनी मिक्स दिला, कुठला हौद कधी भरला, कधी पलटला. मिक्स देणारी घरं दहातलं एक किंवा त्याहून कमी झाली आणि तशी महिनाभर राहिली की दुसरा वॉर्ड घ्या, त्याआधी नगरसेवकांनी कितीही घाई केली तरी नाही. आणि दुसऱ्या वॉर्डाचे हौद बांधायला घ्यायच्या आधी गाडीवरचा दुसरा माणूस नेमून त्याला पंधरा दिवस पहिल्या गाडीवर फिरवा. चाळणीवर उरलेल्या करवंट्या, कोयी, काटक्या फेकू नका, त्या पुढच्या हौदाच्या तळाला लागतात.